तिजोरीची दुसरी किल्ली

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या घरात दहा दिवस एक पाटी फिरत होती. नातीच्या बालवाडीतली, लाकडी चौकटीची, एका कोपऱ्यात तडा गेलेली. ती माळ्यावरून खाली आली, कारण आमच्या सुनेला डॉक्टरांनी बोलायला बंदी केली होती. बंदी म्हणजे अगदी पुरती. फोनवर नाही, दारातल्या भाजीवाल्याशी नाही, कुजबुजणेसुद्धा नाही. कुजबुजल्याने घशाला विश्रांती मिळत नाही, उलट ताणच पडतो, हे साठी उलटल्यानंतर मला तेव्हा प्रथम कळले.

सूनबाई नाशिकच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. एकोणीस वर्षे झाली. घसा हेच जिचे भांडवल, तिचा घसा बसला यात तसे नवल काही नाही. शिंप्याचे डोळे जातात, सुताराचा अंगठा ठेचतो. नवल वेगळेच होते. हा घसा गणपतीपासून बसलेला होता आणि आम्ही घरातली चार माणसे रोज त्या घोगऱ्या आवाजातले "जेवायला चला" ऐकत होतो आणि निमूटपणे जेवायला जात होतो.

आज जे लिहायचे आहे ते त्या चार माणसांविषयी आहे. महाविद्यालयाविषयीही आहे, पण सुरुवात आपल्या घरापासून केलेली बरी.

मी छत्तीस वर्षे बँकेत काढली. बँकेतल्या माणसांना प्राध्यापक या जातीविषयी थोडी असूया असते, ती मलाही होती. आम्ही मार्चअखेरीला रात्री बारापर्यंत ताळेबंद जुळवत बसलेले असायचो आणि उन्हाळ्याच्या सुटीत हे लोक दुपारी पासबुक भरून घ्यायला निवांत यायचे. "दिवाळीची सुटी, उन्हाळ्याची सुटी आणि मधल्या काळात विश्रांती," असा आमच्या शाखेतला विनोद होता. तो मीही अनेकदा केला आहे. सून घरात आली तेव्हा, खोटे कशाला बोलू, माझ्या मनात पहिला विचार हाच आला होता की नोकरी छान आहे, घराकडे लक्ष द्यायला वेळ मिळेल. 'घराकडे लक्ष' हे कोणी द्यायचे याचा निकाल मी तेव्हाच, तिला न विचारता, लावून टाकला होता.

तिचे सत्र जवळून पाहिले ते निवृत्तीनंतर. पहाटे मी लिहायला उठतो. पूर्वी या वेळी घरात मी एकटाच जागा असे. अलीकडे स्वयंपाकघरातल्या टेबलावर आधीच दिवा लागलेला असायचा. एका बाजूला कणीक मळलेली, दुसऱ्या बाजूला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, मध्ये लॅपटॉप. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता ती गुणांची बेरीज करीत असे. एकदा मी गमतीने म्हटले, "अगं, शिट्ट्यांचे आकडे मुलांना देशील हं." ती हसली नाही. म्हणाली, "बाबा, दिलेच होते परवा. नंतर दुरुस्त केले."

सरकारी कागद काय म्हणतो ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार पूर्णवेळ प्राध्यापकाचे काम आठवड्याला ४० तासांपेक्षा कमी असता कामा नये, आणि हे वर्षातले ३० आठवडे, म्हणजे अध्यापनाचे १८० दिवस. त्यात प्रत्यक्ष शिकवण्याचे तास सहायक प्राध्यापकाला १६, सहयोगी प्राध्यापकाला आणि प्राध्यापकाला १४. वाचणाऱ्याला वाटेल, चौदाच तास! मलाही वाटले होते. पण कर्जाची कागदपत्रे तपासण्यात जन्म गेलेल्या माणसाची नजर वेगळ्या शब्दावर थांबते. 'पेक्षा कमी नाही' असे लिहिले आहे. किमान ठरवले आहे, कमाल कुठेच नाही. ज्या करारात एका बाजूचे देणे मोकळे सोडलेले असते, त्या करारात ती बाजू बुडते. हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही.

मोकळ्या सोडलेल्या त्या जागेत काय काय येऊन बसते? पूर्वी कला शाखेची परीक्षा वर्षातून एकदा व्हायची. मुले फेब्रुवारीपर्यंत हिंडायची आणि मार्चमध्ये रात्री जागवायची. आता वर्षाची दोन सत्रे झाली. सत्रपद्धतीत चांगले काही नाही असे मी म्हणणार नाही. मुलाला वर्षभर थोडे थोडे वाचावे लागते, एका परीक्षेवर सगळे ठरत नाही, हे योग्यच आहे. पण जे वर्षातून एकदा होत असे ते सगळे दोनदा होऊ लागले. प्रश्नपत्रिका काढणे दोनदा, पर्यवेक्षण दोनदा, 'कॅप'ला, म्हणजे मध्यवर्ती मूल्यमापन केंद्रावर, जाऊन गठ्ठे तपासणे दोनदा. शिवाय अंतर्गत मूल्यमापन: चाचण्या, गृहपाठ, सादरीकरणे, आणि चाचणी बुडवलेल्या मुलांची फेरचाचणी. २०२० चे नवे शैक्षणिक धोरण आले आणि मुख्य विषय, गौण विषय, कौशल्याचे विषय, क्षेत्रीय प्रकल्प अशी नवी मांडणी झाली. त्याचे अभ्यासक्रम कोणी तरी लिहायचे, शिकवायचे, त्यांचे गुण कोणी तरी भरायचे. २०२१ पासून तर मुलांचे श्रेयांक जमा ठेवणारी 'ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' निघाली आहे. तिचे नाव प्रथम ऐकले तेव्हा मी सुनेला म्हटले, "म्हणजे तूही बँकेत लागलीस की!" त्यावर ती म्हणाली, "हो बाबा, फक्त कॅशियरही मी, शिपाईही मीच आणि तपासनीस आले की व्यवस्थापकही मीच."

तपासनीस म्हणजे नॅक. १९९४ मध्ये बंगळुरूला स्थापन झालेली ही संस्था महाविद्यालयांचे मूल्यांकन करून श्रेणी देते. कल्पना चांगलीच आहे. सार्वजनिक पैसा जिथे जातो तिथे तपासणी हवी, हे बँकेचा माणूस नाकारणार नाही. पण तपासणीसाठी काम आणि कामासाठी तपासणी यांतला फरक आम्ही बँकेतही पुसून टाकलेला मी पाहिला आहे. सूनबाईकडे एका निकषाची फाइल होती. वृक्षारोपण केले तर त्याचा फोटो हवा आणि फोटोवर अक्षांश-रेखांश हवेत. व्याख्यान ठेवले तर सूचना, उपस्थितीपत्रक, अहवाल, छायाचित्र आणि मुलांचे अभिप्राय, सगळे पाच वर्षांचे. हे काम करायला कार्यालयात माणसे नाहीत, कारण शिक्षकेतर पदे रिकामी आहेत. शिकवायला पुरेशी माणसे नाहीत, कारण शिक्षकांची पदेही रिकामी आहेत. त्या जागी तासिका तत्त्वावरची मुले-मुली येतात. सेट-नेट झालेली, काही पीएच.डी. झालेली, आणि तासागणिक पैसे घेणारी. तेव्हा राहिलेली फाइल कोणी करायची? जी बाई नाही म्हणत नाही तिने.

आता घशाकडे वळू. गणपतीच्या आठवड्यात तिचा आवाज जड झाला. पावसाळी हवा, सर्दी असेल, असे आम्ही ठरवले. हळद-दूध, ज्येष्ठमध, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, असे सगळे घरगुती उपाय झाले. सर्दी गेली, आवाज आला नाही. नवरात्रात तो मधूनच तुटू लागला. वाक्य अर्ध्यावर यायचे आणि पुढे नुसती हवा. मुलाने म्हटले, "दाखवून ये." ती म्हणाली, "सत्र संपू दे." मुलगा अंबडच्या कारखान्यात अभियंता आहे. यंत्राच्या आवाजात एवढासा फरक पडला तर तो रात्री दोन वाजता उठून जातो. त्याने दोनदा सांगितले आणि आपले कर्तव्य झाले असे मानले. माझ्या बायकोचे गुडघ्याचे ऑपरेशन ऑगस्टमध्ये झाले होते. तिच्या गोळ्यांच्या वेळा, व्यायाम शिकवणाऱ्या बाईंचे येणे-जाणे हे सगळे सुनेच्या डोक्यात. नात नववीत, तिचे गणित सुनेकडे.

आणि मी? माझ्या नव्या कादंबरीची मुद्रिते त्याच सप्टेंबरात आली. तीनशे बारा पाने. माझ्या डोळ्यांना आता बारीक टाइप झेपत नाही. सुनेचे मराठी चांगले, नजर चोख. मी म्हटले, "सवडीने बघ, घाई नाही." सवड! तीन आठवड्यांत तिने ती पाने शुद्धलेखनाच्या खुणांसह परत दिली. कधी वाचली हे मी विचारले नाही. पहाटे दिवा लागलेला असे, एवढे मला माहीत होते. तिचा घसा बसलेला आहे हेही माहीत होते. या दोन गोष्टी एकमेकांशेजारी ठेवून पाहाव्यात असे मला, माणसांच्या मनाचे तळ शोधत चाळीस वर्षे लिहिणाऱ्याला, सुचले नाही.

शेवटी ती गेली तीही स्वतःहून नाही. एके दिवशी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात तिच्या तोंडून शब्दच फुटेना. फळ्यावर लिहून तिने तास पुरा केला. एका विद्यार्थिनीने मागाहून येऊन सांगितले, "मॅडम, माझ्या आईला असेच झाले होते, दाखवा." घरातल्या चौघांना जे सांगता आले नाही ते त्या मुलीने सांगितले.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पडद्यावर दाखवले. दोन्ही स्वरतंतूंच्या कडेला, समोरासमोर, तांदळाच्या कणीएवढ्या गाठी. गायक आणि शिक्षक यांचे हे ठरलेले दुखणे. कर्करोग वगैरे काही नाही, असे त्यांनी लगेच सांगितले, तेव्हा मुलाने धरून ठेवलेला श्वास सोडला. मग डॉक्टर मला उद्देशून म्हणाले, "काका, आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर माणसाने दाखवायलाच हवे. या वेळी गाठी निघाल्या. दर वेळी एवढ्यावर भागत नाही." ते रागावले नव्हते. पण ते वाक्य मला पुरले.

बँकेची सवय म्हणून मी त्यांना आकडे विचारले. बोलताना बायकांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकांवर आपटतात. तासातला निम्मा वेळ आवाज लागला तरी एका तासात ३ लाख ६० हजार वेळा. शंभर मुलांचा वर्ग, वर घरघरणारे पंखे, बाहेर नव्या इमारतीचे काम, आणि माइक नाही. मग वर्गात आवाज चढवायचा, घरी येऊन तोच आवाज वापरायचा, पाणी प्यायचे नाही कारण दोन तासांच्या मध्ये प्रसाधनगृहात जायला वेळ नाही. हे शेवटचे कारण तिने पाटीवर लिहून सांगितले. मला लाज वाटली, डॉक्टरांना वाटली नाही. ते म्हणाले, "सगळ्या शिक्षिका हेच सांगतात."

उपचार साधा होता. आधी दहा दिवस पूर्ण मौन, मग आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या तज्ज्ञांकडे काही महिने, पाणी भरपूर, जागरण बंद. शस्त्रक्रिया लागली तर नंतरचा विचार. औषध म्हणून जे लिहून दिले होते त्यात सर्वांत अवघड होते ते मौनच. तिला नव्हे. आम्हाला.

पहिल्या दिवशी सकाळी साडेसातला आमचे घर बंद पडले. मी अतिशयोक्ती करीत नाही. नातीचा रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत होता आणि तिचा डबा भरलेला नव्हता, कारण "ऊठ, दूध पी, डबा घे" हे तीन हुकूम कोणी सोडलेच नव्हते. बायकोची रक्तदाबाची गोळी जेवणाआधीची की नंतरची, याबद्दल माझे आणि मुलाचे मतभेद झाले. धुणेवालीला रविवारी येऊ नको सांगायचे होते की सोमवारी, कोणास ठाऊक. गॅसचे पुस्तक सापडेना. वीजबिल भरण्याची तारीख उलटली. तीस-चाळीस कोटींच्या ठेवी असलेल्या शाखा मी चालवल्या आहेत. स्वतःच्या घरातले साखरेचे डबे मला सापडत नव्हते. प्रत्येक वेळी आम्ही तिच्याकडे पाहायचो आणि ती पाटीवर लिहायची. दोन दिवसांत खडू संपला. तेव्हा ध्यानात आले की मौनातही आम्ही तिला कामालाच लावले आहे, फक्त घशाऐवजी हाताला.

मग तिसऱ्या दिवशी माझ्या बायकोने, वॉकर धरून, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सभा घेतली. "आजपासून तिला कोणी काही विचारायचे नाही. चुकले तर चुकू दे. मीठ जास्त झाले तर पाणी प्या." बायको फार बोलणारी नाही. पण त्या दिवशी तिच्या बोलण्यात सुनेचा कैवार होता तसा आणखीही काही होता, आणि ते माझ्यासाठी होते हे मला समजले. त्याविषयी पुढे सांगतो.

महाविद्यालयाकडून वाईट वागणूक मिळाली असे मी म्हणणार नाही. प्राचार्यांनी रजा दिली, सहकाऱ्यांनी फोन केले. मात्र रजा दिली म्हणजे काम कोणी घेतले असे होत नाही. तिचा अभ्यासक्रम जिथे थांबला होता तिथेच थांबून राहिला. रजा संपल्यावर जादा तास घेऊन तो तिनेच पुरा करायचा होता, म्हणजे गाठी ज्याने झाल्या तेच दुप्पट. तिचे काही तास एका तासिका तत्त्वावरच्या तरुण सहकारी मुलीने घेतले. ती मुलगी घरी भेटायला आली तेव्हा मी सहज विचारले, "तुझा घसा बसला तर काय करतेस?" ती म्हणाली, "काका, आम्ही घसा बसू देत नाही. तास नाही तर पैसे नाहीत." तेव्हा सुनेची नोकरी कायमची आहे, तिला पगारी रजा आहे, हे भाग्य आहे हेही कळले. ज्या व्यवस्थेत रजा हे भाग्य ठरते तिच्याविषयी काय बोलावे?

इथे मला बँकेची एक गोष्ट सांगू द्या. शाखेतली तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. दोन किल्ल्या असतात, एक रोखपालाकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोघे समोर असले तरच दार उघडते. दोन्ही किल्ल्या एकाच्या हाती देणे हा आमच्याकडे गुन्हाच समजला जाई, मग तो माणूस कितीही सज्जन असो. शिवाय प्रत्येक किल्लीची जोडकिल्ली दुसऱ्या शाखेत सीलबंद ठेवलेली असते. आज अधिकारी अपघाताने आला नाही म्हणून उद्या लोकांचे पैसे अडकून राहू नयेत, हा त्यामागचा विचार.

दुसरी गोष्ट सक्तीच्या रजेची. नाजूक जागांवर काम करणाऱ्या बँक कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, आगाऊ सूचना न देता, सलग किमान १० कामाचे दिवस रजेवर पाठवायचे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२१ चा आदेश आहे. हेतू अर्थातच अफरातफर उघडकीला यावी हा. दुसरा माणूस त्या टेबलावर बसला की लपवलेले बाहेर येते. पण नोकरीत असताना मी पाहिले आहे की सक्तीच्या रजेतून चोरी क्वचितच बाहेर येते. बाहेर येतो तो भार. गेली पाच वर्षे एकटा माणूस तीन माणसांचे काम मुकाट्याने करीत होता, हे तो रजेवर गेल्यावर कळते. चोर पकडायला केलेला नियम अशा वेळी प्रामाणिक माणसाच्या उपयोगी पडतो.

आमच्या घरात ते दहा दिवस म्हणजे अशीच सक्तीची रजा होती. लपलेले बाहेर आले. घराच्या तिजोरीच्या दोन्ही किल्ल्या एकाच बाईच्या पदराला होत्या, जोडकिल्ली कुठेच नव्हती, आणि तिच्या विभागात, तिच्या महाविद्यालयात नेमके हेच होते. दोन्ही ठिकाणी तिचे कौतुक होत होते. "तिच्याशिवाय पान हलत नाही," असे आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगायचो. बँकेत एखाद्या शाखाधिकाऱ्याने असे सांगितले असते तर मी त्याच दिवशी तपासणी लावली असती.

कोणी म्हणेल, सातव्या वेतन आयोगाचा पगार घेणाऱ्या बाईच्या घशाचे एवढे काय? दिंडोरीच्या द्राक्षबागेत दिवसभर उभे राहून घरी चूल पेटवणाऱ्या बाईचे कोणी लिहिले का? हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. तिचे कष्ट अधिक आहेत, मोबदला कमी आहे. पण हिशेब दोन्हींचा एकाच खात्यावर लिहिलेला आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातले बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २९९ मिनिटे घालवतात, असे तीत आढळले. असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. आणि मुळात असे काम करणारे पुरुष शंभरात २६, बायका ८१. या आकड्यांत प्राध्यापिकाही आहे, शेतमजूरही आहे आणि आमची बँकेची मंडळीही आहेत. शिक्षण वाढले, पगार वाढला, पण किल्ल्या तिथेच राहिल्या.

दुसरे कोणी म्हणेल, बायकांनाच सोडवत नाही. "राहू दे, तुम्हाला जमणार नाही," असे त्याच म्हणतात. हेही खरे. सूनबाईही म्हणते. पण कोणाच्याही हातून पहिल्यांदा भाकरी करपतेच. ती करपलेली भाकरी हसत खाण्याइतका वेळ आणि धीर जिच्याजवळ उरलेला नाही, ती "राहू दे" म्हणणारच. ते तिचे मत नव्हे, तो तिचा थकवा असतो.

मग करायचे काय? उपदेश करण्याचा माझा अधिकार फारसा नाही, तरी एवढे सुचवतो. महाविद्यालयांनी मोठ्या वर्गांत माइक बसवावेत. एका परिसंवादाच्या हारतुऱ्यांत होतो त्याहून खर्च फार नाही. प्रत्येक विषय दोन प्राध्यापकांना ठाऊक असावा, म्हणजे एक आजारी पडला तर दुसरा पुढे नेईल आणि जादा तासांचे कर्ज आजाऱ्याच्या डोक्यावर बसणार नाही. फाइलींचे काम कार्यालयाचे, ते कार्यालयाने करावे, आणि त्यासाठी शासनाने पदे भरावीत. नियमावलीत 'किमान' जिथे आहे तिथे शेजारी 'कमाल'ही लिहावे. तासिका तत्त्वावरच्या मुलामुलींना सत्राला काही दिवस तरी पगारी आजारपणाची रजा मिळावी. यांतली एकही मागणी क्रांतिकारक नाही. कोणत्याही बऱ्या चाललेल्या बँकेत हे नियम असतात.

आणि घरात? घरात एक शब्द काढून टाकावा: मदत. "मी बायकोला मदत करतो," असे आमचा मुलगा म्हणत असे आणि मला त्याचे कौतुक वाटत असे, कारण मी तेवढीही केली नव्हती. पण तिजोरी उघडताना अधिकारी रोखपालाला मदत करीत नाही. त्याची किल्ली त्याची असते. ती विसरला तर जबाबदारी त्याची. आमच्याकडे आता बायकोची औषधे माझ्याकडे आहेत, आठवणीसकट. आठवण हे अर्धे काम असते हे आम्हा पुरुषांना माहीत नसते. नातीचा डबा आणि गॅस-वीज मुलाकडे. बुधवारी आणि शनिवारी रात्रीचा स्वयंपाक माझा. पिठले-भात बरा होतो. भाकरीविषयी नंतर कधी तरी.

बायकोविषयी सांगायचे राहिले. माझ्या दर तीन वर्षांनी बदल्या झाल्या. नंदुरबार, चाळीसगाव, मालेगाव, मग पुन्हा नाशिक. मुलाच्या शाळेसाठी ती नाशिकलाच राहिली. माझे आई-वडील तिने पाहिले, दोघांची शेवटची आजारपणेही तिनेच काढली. सुटीच्या दिवशी मी घरी यायचो आणि लिहायला बसायचो. दार लोटलेले, चहा आत येई, रिकामा कप बाहेर जाई. माझ्या सहा कादंबऱ्यांपैकी दोन तिला अर्पण केल्या आहेत आणि त्यामुळे आपण उतराई झालो असे मी मानत होतो. तिसऱ्या दिवशी तिने दारात उभे राहून जे सांगितले ते चाळीस वर्षे उशिराने सांगितले. तिचा गुडघा एका दिवसात झिजला नव्हता. तोही असाच कुठल्या तरी गणपतीपासून दुखत असणार, आणि तेव्हा ती काही म्हणाली असेल तर ते मी ऐकले नाही. या खात्यावरचे देणे आता फिटणारे नाही. व्याज तेवढे भरतो आहे.

दहाव्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांनी सुनेला पाच मिनिटे हळू बोलायची परवानगी दिली. आम्ही सगळे दिवाणखान्यात जमलो होतो. नातीने तर घड्याळ लावले होते. पहिला शब्द काय येतो म्हणून आम्ही वाट पाहत होतो. सूनबाईने घोटभर पाणी प्यायले आणि जुन्या, ओळखीच्या आवाजात विचारले, "गॅसचा नंबर लावला का?"

"लावला," मुलगा म्हणाला.

ती थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. उरलेली साडेचार मिनिटे ती काहीच बोलली नाही. नुसती बसून राहिली. तिला असे, हातात काही नसताना, बसलेले मी बऱ्याच वर्षांनी पाहत होतो.

आता तिच्या गाठी बारीक झाल्या आहेत. कमरेला लावायचा लहानसा माइक तिने स्वतःच्या पैशाने घेतला आहे. नवे सत्र सुरू झाले की पुन्हा तेच चक्र फिरते, त्यात फरक पडलेला नाही. पाटी मात्र मी माळ्यावर परत ठेवू दिली नाही. ती फ्रिजवर उभी आहे आणि कोणाकडे कोणती किल्ली आहे ते तिच्यावर लिहिलेले असते.

आज रविवार. हा अंक तुमच्या हातात आहे आणि बहुधा शेजारी चहाही आहे. तो कोणी आणून दिला तेवढे बघा. मग त्या माणसाशी दोन शब्द बोला, आणि बोलण्यापेक्षा त्याचा आवाज नीट ऐका. बसलेला तर नाही ना?